नायनासमोर युक्तिवाद

पाणी आज रात्री अडीचला सुटणार,
म्हणून मीही जागी.
चौथ्या दिवसाचं पाणी आणि सहाव्या सत्राचा पेपर
यंदा एकाच तारखेला आलेत.
नळाखाली घागर, मांडीवर पुरावा कायदा.

अम्माच्या हजार विड्यांत अजून दोनशे कमी.
तिच्या सुपात तंबाखू, माझ्या वहीत कलमं,
दोघींची बोटं पिवळी,
तिची तंबाखूनं, माझी हायलायटरनं.
उद्या कारखान्यात तिच्या विड्यांची छाट निघेल.
माझी निकालात.

पहिल्या वर्षी खून तीनशे दोन होता.
पाठ होईतो एकशे तीन झाला.
तबस्सुम बागवान म्हणते, मेलेल्याला काय फरक पडतो गं,
आपल्याला पाच मार्कांचा पडतो.
आमच्या गल्लीत मात्र
चारशेवीस अजून चारशेवीसच आहे.
त्याला तीनशे अठरा म्हणून
कोण हाक मारणार?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर
चष्मा काढून म्हणाले,
"मॅडम, हळू. न्यायालय बहिरं नाही."
सगळे हसले. मीही हसले.
कसं सांगू,
मी बोलायला शिकले
बारा मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत,
जिथं भूक लागली हेसुद्धा
ओरडून सांगावं लागायचं.

नायनानं एकतीस वर्षं टॉवेल विणले.
लोकांनी अंग पुसलं त्यांनी,
परदेशात पण, म्हणे.
कान कधी गेले ते त्यांनाच नक्की माहीत नाही.
आधी कुकरची शिट्टी गेली,
मग दारावरची टकटक,
मग आम्ही.

पेपरात नायनाचं नाव 'अ' असतं.
अ हा ब च्या कारखान्यात कामाला होता.
सांगा, अ ला कोणती दाद मिळेल?
मुदत कोणत्या दिवसापासून मोजाल?
कान एका दिवशी गेले नाहीत, सर.
दहा मार्कांत मावेल असं
काय लिहू?

होटगीकर वकिलांकडे जाऊन आले मागच्या सोमवारी.
म्हणाले, "पहिली तीन वर्षं फी विसर,
चहा मी पाजतो, कोट तुझा तू आण."
सनदेच्या पैशासाठी
अम्माच्या भिशीचा नंबर ऑगस्टात लागेल.
कोट आणलाय, जुन्या बाजारातून,
आत दुसऱ्या कुणाचीतरी धुलाईची चिठ्ठी सापडली.
त्रेचाळीस डिग्रीत घालून पाहिला.
आरशात उकडलेली वकील.

रोज रात्री जेवण झालं की
नायना भिंतीला टेकून बसतात, हात मांडीवर,
न्यायाधीशासारखे नाही,
बिघडलेल्या मागासमोर बसावं तसे.
मी उभी राहून युक्तिवाद करते.
त्यांना आवाज नको असतो, तोंड दिसलं की पुरे.
मागांच्या गदारोळात
शेजारच्या कामगाराशी तसंच बोलायचे ते
तीस वर्षं.
कायद्यातलं त्यांना ओ का ठो कळत नाही.
तरी मध्येच बोट वर करतात.
"मळ्ळी," म्हणतात. पुन्हा.
पुन्हा म्हटलं की,
"इथं तुझे ओठ मिटतात. इथं तुला येत नाही."
दर वेळी खरं निघतं.
काल विलंबमाफीपाशी मिटले,
परवा तज्ज्ञाच्या साक्षीपाशी.
कॉलेजात असा एकही सर नाही.

आज मी मुदतीवर बोलत होते.
नुकसान रोज होत राहिलं तर, माय लॉर्ड,
दावा रोज नव्यानं जन्मतो,
असं काहीसं.
ओठ मिटले नसावेत. बोट वर गेलं नाही.
तेवढ्यात नळ खाकरला.
अम्मा सूप बाजूला ठेवून उठली.
नायना माझ्या तोंडाकडेच बघत होते,
पुढच्या मुद्द्याची वाट पाहत.
मी म्हटलं, "पाणी."
किती हळू म्हटलं, माझं मलाच ऐकू आलं नाही.
ते उठले,
घागर घेतली.

मुद्दा क्रमांक तीन
हंडे भरल्यावर.